घरची पेशंट

जबडा अलगद मिटला, की उजवीकडची खालची एकच दाढ वरच्या दाढेला टेकायची. बाकीच्या दातांमधून कागदाचा कपटा आरपार सरकायचा. थोरल्या सुनेने आरशासमोर उभं राहून ते पडताळून पाहिलं होतं. नवी कॅप उंच बसली होती आणि प्रत्येक घासाचा भार ती एकटी झेलत होती.

कॅप बसवली होती तिच्या दिराने, त्याच्याच दवाखान्यात. बाहेरचे पेशंट आटोपल्यावर, निघता निघता आठवल्यासारखं त्याने तिला खुर्चीत बसवलं होतं. "घरच्या माणसाला कसली अपॉइंटमेंट!" इंजेक्शनने जबडा बधिर असतानाच विचारलं होतं, "ठीक वाटतंय ना?" बधिर जबड्याला काय कप्पाळ वाटणार?

तेव्हापासून काही चावलं की कळ कानापर्यंत जाई. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. "सवय होईल, वहिनी. तुम्ही फार लक्ष देता," तो हसून म्हणे. दुसरीकडे दाखवायचं कधीचं तिच्या मनात होतं, पण सासूबाई म्हणत, "घरात डॉक्टर असताना बाहेर गेलीस, तर त्याची काय शोभा राहील?" नवरा अशा वेळी ताटातून मान वर काढत नसे. मग ती डाव्या बाजूने चावायची आणि शब्द गिळायची.

आज सगळे जेवत असताना दिराचा फोन वाजला.

"बोला. चावताना दुखतंय? अहो, मग अंगावर काय काढताय! कॅप उंच राहिली असेल. घासून देतो, पाच मिनिटांचं काम. सकाळी सगळ्यात आधी तुम्हालाच घेतो." फोन ठेवून त्याने वाटी पुढे ओढली. "लोक पण ना! वेळेवर सांगतच नाहीत."

थोरलीचा घास तोंडातच थांबला.

"भाऊजी, त्यांची कॅप उंच, आणि माझे मनाचे खेळ?"

"अहो वहिनी, तुमचं वेगळं. तुम्ही घरच्या..."

"म्हणूनच मला कोणी विचारत नाही."

"फुगल्या वाटतं वहिनी," तो भावाकडे बघून हसला. भाऊ हसला नाही. त्याने वरही बघितलं नाही.

"जेवताना कशाला गं हे?" सासूबाई म्हणाल्या.

"जेवतानाच दुखतं, आई." तिने ताट बाजूला सारलं. "उद्या मी दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार आहे. आणि का गेले असं कोणी विचारलं, तर तेही सांगणार आहे."