ऐनाचा ओंडका

प्रमुख पाहुणे अजून आले नव्हते, आणि त्यांनी झेंडा हलवल्याशिवाय सायकल हलवायची नाही असा आयोजकांचा हट्ट होता. उन्हं वर यायच्या आत सुरू व्हायची शर्यत त्यामुळे तशीच तापत पडली होती. पाहुणे निघाले आहेत, एवढीच बातमी लाऊडस्पीकरवरून अधूनमधून मिळत होती. कुठून निघाले आणि कधी पोचणार, ते लाऊडस्पीकरलाही ठाऊक नसावं. वरंध घाट चढून गेल्यावर भोरच्या अंगाला जो उघडा माळ लागतो, तिथे दिशा सकपाळ आपल्या सायकलवर एक पाय टेकून उभी होती. बाकीच्या मुली मांडवाच्या सावलीत एकमेकींचे फोटो काढत होत्या. दिशाला कुणी बोलावलं नव्हतं आणि तिलाही ते खटकलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष उन्हाकडे होतं, कारण आज तिला दुपारी घरी पोचायचं होतं.

डोंगरातल्या सायकल शर्यती हा तिचा पोटापाण्याचा धंदा. एका सायकल कंपनीच्या टीममध्ये ती बरीच वर्षं होती. वय एकोणतिशीला आलं होतं, आणि या खेळात एकोणतिशी गाठली की लोक उगाच आदराने बोलायला लागतात. टीमच्या मॅनेजरने थंडीतच सांगून टाकलं होतं की हंगामाच्या पहिल्या शर्यतीत ज्या दोघी पुढे राहतील त्यांनाच शिबिराला पाठवू. शिबिराला न जाणारीला टीममध्ये ठेवायचं काही कारण उरणार नव्हतं. तो बोलला अगदी गोड, पण सांगायचं ते स्वच्छ सांगितलं.

म्हणून दिशा जानेवारीतच सायकल घेऊन गावी येऊन राहिली. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या कुशीत त्यांचा कोंड, म्हणजे छोटी वाडी, आणि कोंडाच्याही वर, एका बाजूला पडलेलं त्यांचं घर. आई-बाबा भांडुपला. घराला एरवी कुलूपच. सकाळी ती आंबेनळीचा घाट चढायची, मध्ये एकदा चढायची, आणि अंगात त्राण उरलं तर आणखी एकदा. संध्याकाळी उताराचा सराव. घरामागून देवीच्या सहाणेपर्यंत, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, एक जुनी पायवाट उतरत होती. माणसं रस्त्याने जायला लागल्यापासून ती बुजली होती. दिशाने कोयतीने करवंदीच्या जाळ्या तोडून ती मोकळी केली. वाटेत मधोमध ऐनाचा एक वाळका ओंडका आडवा पडला होता, तो मात्र तिने तसाच ठेवला. रोज त्याच्यावरून सायकल उडवायची, हा तिचा नेम.

कोंडातली माणसं तिला रोज बघत. पण ती सरावाला आलीय, एवढंच म्हणत. राहायला आलीय असं कुणी म्हणत नसे. चूक त्यांची एकट्यांची नव्हती. उजाडायच्या आत ती निघे, परत आली की दार लावून घेई आणि दिवा लागतो न लागतो तोच झोपी जाई. बोलायला एक ठमाबाई तेवढी होती, खालच्या घरातली विधवा म्हातारी. ती अधूनमधून भाकरी आणून द्यायची आणि दर वेळी विचारायची, चढून वर गेल्यावर तिथं काय असतं गो? दिशा हसून म्हणायची, काही नाही, परत खाली यायचं. म्हातारीला हे उत्तर फार आवडे, आणि दिशाला मात्र ते उत्तर दिल्यावर थोडं रिकामं रिकामं वाटे.

बाबांचं म्हणाल तर शिमग्याला रजा नाकारली म्हणून त्यांनी एकदा नोकरीवर लाथ मारली होती. सोमजाईच्या पालखीला खांदा दिल्याशिवाय त्यांचं वर्ष सुरू होत नसे. गेल्या साली ऐन शिमग्याच्या तोंडावर त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. घर बंद राहिलं आणि पालखी खालच्या खालीच परत गेली. गावचा रिवाज असा की लागोपाठ दोन शिमगे घर बंद राहिलं की पालखी त्या घराची वाट सोडते, ती कायमची. यंदाही बाबांना उठता येत नव्हतं. फोनवर जीभ अडखळत ते एवढंच म्हणाले होते, "मला बाकी काय नको. देवी दारात येल तवा दार उगडं असूदे, दिशा."

तिने शब्द दिला, आणि आठवड्याने शर्यतीची तारीख आली तर नेमका तोच दिवस. तरी तिने हिशोब बसवला. शर्यत सकाळची, पालखी दिवस कलल्यावर. महाडला चवदार तळ्याजवळ राहणारा अकिब टेम्पोने भोरची भाजी आणायला जायचा. त्याच्याबरोबर जायचं आणि दुपारी त्याच्याबरोबरच उतरायचं. घाटातून यायला दुसरं वाहन मिळण्याची मारामारच. हिशोबात फक्त प्रमुख पाहुणे धरायचे राहिले.

अकिबला तिने सांगून ठेवलं, निघायची वेळ झाली की हाक मारू नकोस, फक्त टेम्पोचं तोंड घाटाकडे करून ठेव. रोज्याचे दिवस होते, त्यामुळे तो तोंडावर रुमाल टाकून टेम्पोच्या सावलीत पडला होता. दिशाने त्याच्याकडे पाठ केली आणि मग बाटली तोंडाला लावली.

अखेर पाहुणे आले, बोलले, पुष्कळ बोलले, आणि झेंडा हलला.

पहिल्या दोन फेऱ्या तिने डोकं शांत ठेवलं. सुरुवातीला उधळणाऱ्या पोरी तिसऱ्या चढाला तोंड वासतात, हे तिला पाठ होतं, आणि झालंही तसंच. चौथ्या फेरीत पुढे फक्त एक पाठ उरली होती. दगडी उतारावर ती पाठही मागे पडली. पाय हलके झाले होते, आंबेनळीचा एकेक चढ आता फळ देत होता. तिला हसू आलं. कित्येक महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि त्याच वळणावर तिला टेम्पो दिसला. त्याचं तोंड घाटाकडे होतं. शेजारी अकिब उभा होता, हात न हलवता.

एक फेरी म्हणजे अर्धा-पाऊण तासाचं काम. तेवढा वेळ पालखी कुणासाठी थांबणार? आणि शर्यत तरी कुठे थांबणार होती? ती ब्रेक न लावता थोडी पुढे गेली, मग पाय थांबले. मागची मुलगी तिच्याकडे वळून बघत निघून गेली, मग दुसरी गेली. दिशा दोरी ओलांडून बाहेर आली. पाठीवरचा नंबर काढून तिने पंचांच्या टेबलावर ठेवला. सायकल मोडली का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

अकिबने सायकल टेम्पोत चढवली. "ताई, मी थांबलो असतो ना," तो म्हणाला. "भाजी काय, तासभर उशिरा पोचली असती."

"तुझा प्रश्न नव्हता रे," ती म्हणाली. घाट उतरताना तिने हेल्मेट काढलंच नाही. त्याच्या आत ती रडत होती. अकिबने ते पाहिलं आणि उगाच रेडिओ लावला.

घरी पोचली तेव्हा ढोल कुठे तरी लांब वाजत होते. तिने भराभर अंगावर पाणी घेतलं, आईची हिरवी साडी नेसली, अंगण सारवलं, दारात रांगोळी घातली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. दोन्ही दारं सताड उघडून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बाबा इथेच उभे राहायचे. ढोल जवळ आला. कोंडातल्या पहिल्या घराशी थांबला, मग दुसऱ्या. मुंबईहून आलेल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. ठमाबाईच्या अंगणात पालखी नाचली तेव्हा झाडांच्या फटीतून लाल गोंडेही दिसले. आता चढण आणि मग आपलं दार. दिशाने निरांजन लावलं.

ढोल खाली वळला.

तिला आधी वाटलं, वळसा घेत असतील. पण आवाज उतरत गेला, सहाणेच्या रस्त्याला लागला. ती ताट हातात धरून तशीच उभी होती, तेवढ्यात धापा टाकत ठमाबाई वर आली.

"मी सांगितलं गो त्यांना, पोर हाय घरात म्हणून," ती म्हणाली. "पण तुमच्या घरचं लाकूड नाय पडलं ना होळीत."

दिशाला क्षणभर उलगडा झाला नाही, आणि मग झाला. होळीला घराघरातून एकेक लाकूड जातं. ज्याचं लाकूड पडलं ते घर उघडं, नाही पडलं ते बंद. त्याप्रमाणे पालखीची घरं ठरतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावर लाकूड आणि पाठोपाठ ती, असं दर शिमग्याला व्हायचं. ते इतकं ठरलेलं होतं की सांगायचं बाबांना सुचलं नाही, आणि बाप्यांचं काम म्हणून तिने ते कधी ध्यानात ठेवलं नाही. होळीच्या संध्याकाळी ती लवकर झोपली होती. खालून बोंबा ऐकू येत होत्या. दारावर कुणी थापही मारली होती. पण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, म्हणून ती उठली नाही.

"ती थाप तुझी होती?" तिने विचारलं.

"मग कोनाची आसनार? दोनदा हाक मारली. वाटलं, पोर दमलीय, निजूदे."

म्हणजे शर्यतही गेली आणि पालखीही. दिशाने निरांजन खाली ठेवलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने ओटीचं सगळं सामान सरावाच्या पिशवीत भरलं, पिशवी पाठीला आवळली, भाताच्या लावणीला बायका खोचतात तशी साडी गुडघ्यावर खोचली आणि सवयीने हेल्मेटही चढवलं. "अगो, डोक्यावर पडशील," असं म्हातारी म्हणेतो सायकल घरामागच्या वाटेला लागली होती.

पालखी रस्त्याने वळसे घेत जाते, पायवाट सरळ उतरते. करवंदीच्या फांद्या साडीला ओढत होत्या. ओंडका आला, तिने सायकल उचलली, पाठीवर नारळ आपटला, चाकं खाली टेकली. आजवरची तिची सगळ्यात चांगली उडी ती हीच असावी, पण बघायला कुणी नव्हतं.

सहाणेच्या अलीकडे ती रस्त्यावर उतरली तेव्हा पालखी नुकती वळणावर दिसत होती. हेल्मेट घातलेली, साडी खोचलेली बाई वाटेत उभी बघून ढोलकरी गोंधळले. ढोल थांबला. पालखीपुढे श्रीपत गुरव होता, गावचे सगळे रिवाज तोंडपाठ असलेला म्हातारा.

"पालखी मागं फिरत नाय गो पोरी," तो समजुतीने म्हणाला.

"मागे नका फिरवू. ओटी घ्या."

"कोनाच्या घरची?"

एरवी तिने बाबांचं नाव सांगितलं असतं. "वरच्या घरची," ती म्हणाली. "मी राहते तिथे."

मुंबईची पोरं तिच्या खरचटलेल्या पोटऱ्यांकडे बघत होती. श्रीपत गुरवाने भोयांना खूण केली आणि पालखी तिच्यासमोर खांद्यावरून खाली, हातावर आली. तिने हेल्मेट काढलं, पदर डोक्यावर घेतला आणि ओटी भरली. गुरवाने नारळ फोडून अर्धी वाटी तिच्या हातात दिली. "यंदाचं देवीनं मानून घेतलं," तो म्हणाला. "पुढल्या होळीला आधी लाकूड दे. आपल्या हातानं दे." मग ढोल पुन्हा सुरू झाला आणि माणसं तिला वळसा घालून सहाणेकडे निघून गेली.

ती सायकल ढकलत पायवाटेने वर निघाली. ओंडक्यापाशी आल्यावर पाय भरून आले, म्हणून त्याच्यावरच बसली. फोनवर मॅनेजरचा निरोप येऊन पडला होता, तो तिने उघडला नाही. बाबांना फोन लावला.

"ओटी भरली, बाबा," ती म्हणाली.

"दार उगडं व्हतं?"

"उघडंच होतं."

मग त्यांनी विचारलं, "तुजी शर्यत कशी झाली गो?"

"झाली," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर उठून तिने ओंडक्याचं एक टोक उचलून बघितलं. वाळलेला होता, तरी ऐन तो ऐनच, जड. सायकल आणि ओंडका एका खेपेत जमण्यासारखं नव्हतं. तिने सायकल झाडाला टेकवली, ओंडका खांद्यावर घेतला आणि थांबत थांबत घर गाठलं. दारातली रांगोळी जशीच्या तशी होती, कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. ती कडेकडेने पडवीत गेली, ओंडका भिंतीला उभा करून ठेवला, पडणार नाही ना हे एकदा हलवून पाहिलं, आणि सायकल आणायला पुन्हा खाली निघाली. जाताना दार तिने लोटलं नाही.