नावानिशी साक्ष

मोंतेविदेओच्या संसदेत मिर्ता बेंताँकूर एकतीस वर्षं लघुलेखिका होती. त्यातली शेवटची सात वर्षं एकाच विधेयकाने खाल्ली. मोठ्या इंटरनेट कंपन्यांना लगाम घालायचा की नाही, घालायचा तर कोणी आणि किती, हे त्यासाठी नेमलेल्या समितीत चाललेलं गुऱ्हाळ. मधे निवडणूक झाली, तीन अध्यक्ष बदलले, विधेयक जागचं हललं नाही. ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ या शब्दासाठी मिर्ताने एक आडवी रेघ आणि ठिपका ठरवून टाकला होता. ‘आम्ही हा विषय अत्यंत गांभीर्याने घेतो’ या अख्ख्या वाक्याला नुसता एक आकडा.

“आकडा किती वेळा?” शेजारचा वॉल्तेर हळूच विचारायचा. तोही लघुलेखकच, तिच्याहून दहा वर्षांनी लहान.

“चार. अजून चहा व्हायचाय.”

ऑगस्टातल्या त्या बुधवारी त्यातल्याच एका कंपनीचे वकील बॅरेइरो पन्नास मिनिटं बोलले. माणूस गोड. सदस्यांनी कितीही खोचक विचारलं, तरी आधी प्रश्नाबद्दल आभार मानायचे आणि मग उत्तर सोडून बाकी सगळं द्यायचे. त्यानंतर नागरिकांची पाळी. नागरिक एकच होता, ओरोस्मान पिरिझ, वय अडुसष्ट, उत्तरेकडच्या सांता एदुविहेस गावचा. पहाटेची बस धरून आलेला, काखेत माते हा तिकडचा कडवट चहा प्यायचा थर्मास, अंगात लग्नकार्याचा कोट. त्याला दहा मिनिटं दिली होती.

“मी बावीस वर्षं गावातल्या शाळेची गाडी चालवली,” त्याने सुरुवात केली. “मागच्या वर्षी कुणीतरी इंटरनेटवर माझा फोटो टाकला. खाली लिहिलं, हा मुलं पळवतो...”

तेवढ्यात घंटा वाजली.

अध्यक्षबाई उठल्या. “काका, माफ करा हं. सभागृहात मतदान आहे, जावंच लागेल. तुम्ही लेखी द्या, आम्ही नक्की वाचू. बैठक तहकूब.”

खुर्च्या सरकल्या, सदस्य लगबगीने गेले. वॉल्तेरने पेन्सिल खाली ठेवली. बैठक तहकूब झाली की नोंद थांबते, हा नियम. ओरोस्मान उभाच होता.

“माझी नऊ मिनिटं राहिलीत,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मिर्ताचा मनगटाचा सांधा सकाळपासून ठणकत होता. घरी जाऊन पाय वर करून पडावं, एवढीच तिची इच्छा होती. पण तिने वहीचं पान उलटलं.

“बोला काका. मी लिहिते.”

“हे नोंदीत धरतील?”

“नाही,” ती म्हणाली. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

ओरोस्मानने जरा विचार केला, आणि तो बोलू लागला. फोटो तीन दिवसांत तालुकाभर फिरला. गाडीची काच कुणीतरी फोडली, गाडी बंद ठेवावी लागली. ज्यांना त्याने स्वतः शाळेत सोडलं होतं, त्या मुली आता आया झालेल्या, त्या रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागल्या. त्याने कंपनीकडे एकेचाळीस वेळा तक्रार केली. दर वेळी तेच उत्तर: हा मजकूर आमच्या नियमांत बसतो.

कागद आवरत असलेले बॅरेइरो दाराशी थांबले होते. पुढे येऊन त्यांनी ओरोस्मानच्या हातात कार्ड दिलं. “या पत्त्यावर लिहा. मी जातीने लक्ष घालतो.”

“घाला बाबा,” ओरोस्मान म्हणाला. कार्ड त्याने न वाचताच खिशात टाकलं.

हे कुठेतरी नोंदवून घ्या म्हणून समितीच्या सचिवाला मिर्ताने गळ घातली. तो म्हणाला, माणूस सही करत असेल तर लेखी निवेदन म्हणून फायलीला जोडतो. तिने जेवण बुडवून चार पानं टाइप केली, आणि त्याच्या पाचच्या बसआधी स्टँड गाठला. ओरोस्मान बाकावर बसून माते घेत होता. त्याने चष्मा लावून सावकाश सगळं वाचलं.

“मी एवढं बोललो?”

“शब्दन् शब्द तुमचा.”

“मग हे जाणार कुठे?”

“फायलीत. आणि संसदेच्या वेबसाइटवर. कुणालाही वाचता येतं,” मिर्ता जरा अभिमानाने म्हणाली.

ओरोस्मानने सहीसाठी काढलेलं पेन पुन्हा मिटलं. “बाई, लोक आता इंटरनेटवर माझं नाव टाकून बघतात. मग हेही निघेल? ओरोस्मान पिरिझ, मुलं पळवणारा, संसदेच्या शिक्क्यानिशी?”

“पण तुम्ही तसे नाही, हे लिहिलंय त्यात.”

“चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं?”

 एकतीस वर्षं मिर्ता लोकांची नावं कागदावर चढवत आली होती, आणि हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“नाव गाळलं तर?” त्याने विचारलं.

“निनावी घेत नाहीत.”

“कमाल आहे. फोटो टाकणाऱ्याला कुणी नाव विचारलं नाही.” तो रागाने बोलला नाही. पानांची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि आपल्या चहाचा एक घोट तिच्यापुढे केला. तिने तो घेतला. बस लागेपर्यंत दोघांनी आळीपाळीने थर्मास रिकामा केला.

ऑक्टोबरात समिती पुन्हा बसली. गणसंख्या पूर्ण होती. बॅरेइरो म्हणाले, “या देशातली एकही तक्रार आज आमच्याकडे प्रलंबित नाही.”

“नोंद घ्यावी,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मिर्ताने नोंद घेतली. वाक्य खरंच होतं. उत्तर गेलं की त्यांच्या दप्तरी तक्रार मिटलेली. वॉल्तेरने आकड्याबद्दल विचारलं, तर आज तिने मोजलेच नव्हते.

दुपारी तिने सांता एदुविहेसला ओरोस्मानकडे फोन लावला. फोटो आहे तिथेच होता. कार्डावरच्या पत्त्यावरून उत्तर आलं होतं, आभाराचं.

“आणि गाडी?”

“काढली परत. सोमवारी तीन मुलं आली. एकीच्या आईने स्वतः दार उघडून पोरीला आत बसवलं. बरं बाई, ठेवतो. शाळा सुटायची वेळ झाली.”