गार झालेली कॉफी

धब्ब, टक. धब्ब, टक. अबू घालिबनं मला पहिल्यांदा कुटलं, तेव्हाचा आवाज अजून पोटात घुमतोय. मी कॉफी कुटायचा लाकडी खलबत्ता, अरब मुलखातल्या करकच्या डोंगरातला. माझा ताल ऐकला की गल्लीला कळायचं, या घरी पाहुणे आलेत, चला. पुढे दळायचं यंत्र आलं. मग मानाच्या पाहुण्यांपुरताच उरलो.

सहसा मी रागावत नाही. पण त्या दुपारपासून आतून जळतोय. त्यानंतर मला कुणी कुटलेलं नाही, गल्लीही आमच्या दारी येत नाही.

अबू घालिबची नात जुमाना, दहा वर्षांची. तिच्या शिकवणीचा मास्तर नवाफ मुलींचे, तिचेही, नको ते फोटो काढून विकायचा. पोरीनं आईला, फिद्दाला सांगितलं. फिद्दानं तक्रार केली. मग सरकारकडून सहर नावाची बाई आली. चटईवर बसून आधी मांजराबद्दल बोलली. म्हणाली, लेकराला हे एकदाच सांगावं लागेल, पुन्हापुन्हा नाही. मनात म्हटलं, सरकारही आता शिकतंय. मला बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत, एका दुपारी, तालुक्याचे साहेब आले, वडीलधाऱ्यांना घेऊन. अबू घालिब हरखून मला कुटायला बसला. कशाला आलात, हे विचारायची आमच्यात रीत नाही. कॉफी ओतली, तर साहेबांनी पेला तसाच खाली ठेवला. म्हणजे आधी मागणं मान्य करा, मग पिऊ. मागणं काय, तर नवाफवरची तक्रार मागे घ्या.

याच साहेबांनी बालरक्षणाच्या कचेरीची फीत कापली होती. अरे, एका हातानं दार उघडता आणि दुसऱ्या हातानं त्याच दारात पोरीची बोटं चिरडता? कायदे करा, चांगल्या बायका धाडा, पण आधी असल्या साहेबांना आवरा.

"फोटोच आहेत ना," साहेबांबरोबरचा एक म्हातारा हसत म्हणाला, "पुसून टाकू."

पडद्याआडून फिद्दा बोलली, "मग काका, उद्यापासून तुमची नात धाडा की त्याच्याकडे शिकायला."

त्याचं हसू तिथंच विरलं. पाहुणा कॉफी न पिता उठला, तर घराचं नाक कापलं जातं. "प्या, तुमचं काम झालं," एवढंच यजमानानं म्हणायचं होतं. सगळे अबू घालिबकडे बघत होते. त्यानं माझ्या काठावर हात ठेवला.

"गार होतेय, साहेब," तो हळू म्हणाला. "होऊ द्या. तक्रार राहील."

साहेबांनी अंगावरचा झगा सावरला, बूट चढवले आणि पेल्याला हात न लावता ते निघून गेले.