एक घर सरकलेली काडी

अठ्ठ्याहत्तरच्या पौषात सिहोऱ्याच्या इश्वर मास्तरने भरदुपारी ओसरीवर खडूने घरं आखली, माचिसच्या तीन डब्या रिकाम्या केल्या आणि पाणी मांडलं. होय, पाणीच! तुमसरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस. नागपूरच्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात त्याने हा खेळ वाचला होता. प्रत्येक काडी म्हणजे पाण्याचा एक कण. गुल जिकडे, तिकडे दर खेपेला एक घर सरकायचं. कडेला लागली की उलट फिरायचं. दोन काड्या समोरासमोर भिडल्या की दोघींनी आडवं वळायचं. बस, एवढेच नियम. त्यात नशिबाला कुठे जागाच नाही.

आणि मास्तरला तर नशीबच हवं होतं.

भादव्यात वैनगंगेत डोंगा कलंडला आणि त्याची धाकटी बहीण रुखमा गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. "पोरीचं नशीबच तसं होतं," असं त्यांची माय सत्यभामाबाई बिड्या वळता वळता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण डोंगा सुटताना इश्वरने रुखमाला स्वतःशेजारून उठवून पलीकडच्या कडेला बसवलं होतं, आणि डोंगा कलंडला तो त्याच कडेला. हे त्याने चार महिने मायला सांगितलं नव्हतं.

त्याने चाळीस खेपा खेळल्या. नीट रांगांत मांडलेल्या काड्या मूठभर उधळल्यासारख्या विखुरल्या. कोणती कुठे जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मास्तरला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

पण मास्तरकीची खोड काही जात नाही. हात धुऊन तो परत बसला, प्रत्येक काडीचं तोंड उलटं केलं आणि खेळ मागे नेऊ लागला. नियम खरे असतील, तर काड्या मूळच्या रांगांत परत यायला हव्यात. परत येऊ नयेत, म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता.

चाळीस खेपा झाल्या. रांगा आल्याच नाहीत!

"माय, नशीब असते वं!" तो रडत, हसत ओरडला. "पाय, नियम पाळूनही काड्या वापस नाही आल्या!"

सत्यभामाबाई ओशाळली. "तू जेवून राहिला होता ना, तवा चूल पेटवाले म्या त्यातली एक काडी घेतली. मंग उरलेल्यातली दुसरी ठेवली तेथीसा. एखादं घर इकडंतिकडं झालं असन. रागावू नको, बाबू. एकच तं काडी होती."

मास्तरने एका काडीवर बोट ठेवून ती एक घर सरकवली.

"माय," तो म्हणाला, "रुखमा त्या कडेले नोहोती बसली. म्याच सरकवलं तिले."

सत्यभामाबाईच्या हातातलं बिडीचं पान उलगडलं.

"काहून?"

"माह्याजवळची पुस्तकं तिच्या जागी ठेवाची होती," इश्वर म्हणाला. "खाली भिजून राहिली होती."