कोरड्या नाल्यावरचा फरशी पूल

मित्रांनो, मी एक जुना, बुटका फरशी पूल आहे. जळगावात मेहरूणच्या पलीकडे एक वस्ती आहे. वस्ती आणि शहर यांच्यामध्ये नाला आहे आणि त्या नाल्यावर मी पडून आहे. मला कठडेसुद्धा नाहीत. पोटातून सिमेंटचे नळे गेले आहेत, एवढंच.

मला बांधलं तेव्हा वस्तीने नारळ फोडला होता. "आते दवाखाना जवळ उना," असं म्हणत म्हातारी माणसं दवाखाना जवळ आल्याचं कौतुक करत होती. शाळा, रेशन, औषधं, सगळी ये-जा माझ्याच पाठीवरून सुरू झाली.

नाला मात्र बहुतेक वर्षभर कोरडाच असायचा. जिथे लोक टँकरची वाट पाहतात, तिथे पुराचं भय कोणाला वाटणार? माझ्या नळ्यांत कचरा पडू लागला. काठालगतचं पात्र बुजवून प्लॉट पाडले गेले. वस्तीने महापालिकेकडे उंच पूल मागितला, तेव्हा उत्तर मिळालं, "कोरड्या नाल्याला पूल कशाला?"

वस्तीतले यादव नाना रिक्षा चालवत. त्यांच्या पत्नीच्या, रुक्माबाईंच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. नाना त्यांना आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिसला नेत.

गेल्या भाद्रपदात वरच्या अंगाला ढग फुटले आणि सकाळीच नाला भरून आला. तुंबलेल्या नळ्यांतून पाणी जाईना, म्हणून ते माझ्या डोक्यावरून वाहू लागलं. हायवेकडचा रस्ताही बुडाला होता. नेमका तो रुक्माबाईंच्या डायलिसिसचा दिवस होता. वस्तीच्या बाजूला रुक्माबाईंना घेऊन नानांची रिक्षा थांबली. पलीकडे शहरात राहणारी त्यांची मुलगी प्रज्ञा ॲम्ब्युलन्स घेऊन आली. मायलेकी एकमेकींना दिसत होत्या. मध्ये मी होतो, पण पाण्याखाली.

नाना पाण्यात उतरले. कमरेला धार लागताच त्यांचा तोल गेला, तेव्हा लोकांनी त्यांना मागे ओढलं.

"माले दम लागी राहिना," रुक्माबाई धापा टाकत म्हणाल्या.

"धीर धर. पानी उतरी जाई," नाना म्हणाले.

फोनवर प्रज्ञा रडत सांगत होती, "आई, पाणी पिऊ नको गं. घोटभरसुद्धा नको." त्या आजारात प्यालेलं पाणी अंगातच साचतं.

लोकांनी बचावासाठी मागवलेली बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, पण तोवर रुक्माबाई गेल्या होत्या. माझ्यावरच्या गुडघाभर चिखलातून सगळ्यांत आधी प्रज्ञा पळत गेली. वाटेत ती दोनदा पडली. दुपारी त्याच चिखलातून तिच्या आईची अंत्ययात्रा निघाली.

काही दिवसांनी नाना फावडं घेऊन नाल्यात उतरले. त्यांनी माझ्या नळ्यांतून प्लास्टिक, चिंध्या, एक अख्खी गादी ओढून काढली. प्रज्ञा घमेली भरत राहिली. मग शेजारीही उतरले.

मित्रांनो, आमच्याकडे कोरड्या दिवसांतच बघा. नाल्याला त्याची जागा राहू द्या, आमचे नळे मोकळे ठेवा आणि उंच पूल मिळेपर्यंत मागत राहा. पाणी चढल्यावर तुम्ही काठावरून कितीही हाका मारल्यात, तरी मला वर येता येत नाही.