अरुंधतीबाईंचं वजन

मित्रांनो, चिंचवडच्या एका प्रसूतिगृहात जिन्याखाली, मोडक्या पाळण्याला टेकून उभा असलेला गंजका वजनकाटा म्हणजे मी. माझ्या पाय ठेवायच्या पाटीवरचं रबर निघालंय. दांडीवर कोळ्यानं जाळं विणलंय. आता माझ्यावर कोणी चढत नाही. झाडलोट करणारी बाई तेवढी आपला ओला फडका माझ्यावर वाळत टाकते.

माझा जन्म १९६२ सालचा, पुण्याच्या रास्ता पेठेतल्या एका छोट्या कारखान्यातला. वजनमाप खात्याच्या साहेबांनी मला तपासून दांडीवर शिक्का मारला, तेव्हा केवढा अभिमान वाटला होता मला! त्याच वर्षी डॉक्टर मृदुला आगटे यांनी चिंचवड स्टेशनाजवळ प्रसूतिगृह उघडलं आणि मला विकत घेतलं. आजूबाजूला तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि त्यांच्या मधूनच कारखान्यांची धुराडी वर येत होती. किलो तेव्हा नवे होते. बायका विचारायच्या, "म्हंजी किती रत्तल, बाई?" कुरुळीच्या सोजरबाई आमच्याकडे आया होत्या. कोणी चढायला बिचकलं की त्या हात धरून म्हणायच्या, "चढा की! त्यो काय चावतोय व्हय?"

पोटुशा बाईचं वजन वाढत गेलं की डॉक्टर खूश व्हायच्या. त्या आनंदात माझाही थोडा वाटा आहे, असं मी समजायचो.

अशा आनंदात माझी वर्षं चालली होती, तेव्हा अरुंधतीबाई आल्या. त्यांचे यजमान मधुसूदन दांडेकर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. अरुंधतीबाई अंगानं खूपच स्थूल होत्या. गोरा, हसरा चेहरा, आवाज गोड. पण माझ्यावर उभ्या राहिल्या की डोळे मिटून घ्यायच्या. दांडीवरचं वजन शेवटच्या खुणेपर्यंत सरकवलं तरी दांडी वरच टेकलेली राहायची. मग सोजरबाईंना वेगळं जड वजन आणून माझ्या टोकाला अडकवावं लागे.

त्यांची पाळी चार-चार महिने यायची नाही. डॉक्टर म्हणाल्या, "अरुंधती, वजन उतरलं तर पाळी सुधारेल, दिवसही राहतील."

अरुंधतीबाईंनी सगळं करून पाहिलं. भात सोडला, तेल सोडलं, पहाटे उठून आकुर्डीपर्यंत चालत जाऊ लागल्या. थोडं वजन उतरायचं आणि पुन्हा चढायचं. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला ओटी भरायची वेळ आली की यजमानीण त्यांना ओलांडून पुढच्या बाईकडे जायची. त्यांनी ते एकदाच डॉक्टरांना सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या.

पुढे मधुसूदनरावांनी मुंबईच्या एका सर्जनची माहिती काढली. ते परदेशात शिकून आले होते आणि तिकडची एक नवी शस्त्रक्रिया इथे करू लागले होते. आतड्याचा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून वगळायचा आणि दोन टोकं जोडायची. मग खाल्लेलं अन्न अंगी फारसं लागत नाही. अरुंधतीबाईंच्या सासूबाई, सुमनताई, हे ऐकून घाबरल्या. म्हणाल्या, "धडधाकट पोट कशाला कापायचं? नाही मूल तर नाही." पण अरुंधतीबाईंनी ठरवलं होतं. "आई, मला एकदा तरी बघू द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली, आणि मित्रांनो, माझी दांडी खरोखरच खाली येऊ लागली. दर खेपेला सोजरबाई वजन मागे मागे सरकवायच्या. ते जड वजन लावायची गरज उरली नाही. बाहेरच्या बाकावरच्या बायका उठून बघायला यायच्या. "काय बारीक झालात हो! ओळखूच येत नाही!" त्यांच्या नव्या ब्लाउजांचं कौतुक व्हायचं. त्यांना दिवसातून कितीदा तरी शौचाला जावं लागतं, केस पुंजक्यांनी गळतात, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पाळी नियमित झाली होती. त्यापुढे त्यांना बाकी सगळं किरकोळ वाटत होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन वर्षं तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. सर्जननीही तेच सांगितलंय. वजन एका जागी ठरलं पाहिजे, अंगात ताकद आली पाहिजे."

"इतकी वर्षं राहिले नाहीत, आता लगेच कुठले राहतात?" अरुंधतीबाई हसून म्हणाल्या. मधुसूदनरावांनाही तसंच वाटलं. त्यामुळे दोघांनी काही काळजी घेतली नाही.

वर्ष सरायच्या आत त्यांना दिवस राहिले.

ती बातमी कळली तेव्हा सोजरबाईंनी त्यांची दृष्ट काढली. मधुसूदनरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. डॉक्टरांनी मात्र पेढा न खाता टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आता दर आठवड्याला यायचं. एकही चुकवायचा नाही."

आणि त्या येत राहिल्या. चौथा महिना लागला, पाचवा लागला. पोट थोडं दिसू लागलं, पण माझी दांडी काही वर जाईना. उलट दर आठवड्याला वजन मागेच सरकवावं लागे. ज्या उतरत्या वजनाला सगळे वाहवा म्हणत होते, तेच आता सोजरबाई काळजीनं बघायच्या. "खाती का न्हाई तू, लेकी?" त्या विचारायच्या. अरुंधतीबाई खात होत्या हो! सुमनताई तूप घालून सांजा करायच्या, खारीक उगाळून द्यायच्या. सगळं पोटात जात होतं आणि अंगी न लागता वाहून जात होतं.

एका संध्याकाळी दिवे लागायच्या आधी त्या आत आल्या आणि सरळ माझ्यावरच आदळल्या.

"काटा दिसला नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कातरवेळी काहीच नीट दिसत नाही हल्ली. डोहाळ्यांमुळे असेल."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. अंगातली जीवनसत्त्वं संपत आल्याची ती खूण होती. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली, मुंबईला ट्रंककॉल लावला. सर्जन म्हणाले की आतडं पुन्हा पहिल्यासारखं जोडता येईल, पण एवढ्यात भूल दिली तर बाळाचा भरवसा नाही.

डॉक्टरांनी ते अरुंधतीबाईंना स्पष्ट सांगितलं. मधुसूदनराव म्हणाले, "अरू, तू राहिलीस तर पुढचं बघू. जोडून घे."

"अहो, पुढचं कुठलं?" त्या म्हणाल्या. "आतडं जोडलं की वजन येणार, वजन आलं की पाळी जाणार. हेच काय ते माझं. आधी हे सुखरूप बाहेर येऊ दे."

मधुसूदनरावांनी मग हट्ट सोडला. डॉक्टरांनीही पुढे आग्रह धरला नाही.

मूल सातव्या महिन्यातच झालं. मुलगी होती. तिला तोलायला माझ्यासारख्या थोराडाचा काय उपयोग? टेबलावरच्या छोट्या काट्याच्या परडीत तिला ठेवलं. परडी जेमतेम हलली. सोजरबाईंनी तिला कापसात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्या भोवती लावल्या आणि ओठांवर दुधाचा थेंब थेंब सोडत बसल्या. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत ती मुलगी गेली.

सुमनताई माझ्याशेजारी भिंतीला धरून उभ्या होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "मी तिला कधी मुलावरून टोचून बोलले नाही हो. एकदासुद्धा नाही. पण कोणाचं बाळ घरी आलं की मी त्याला खाली ठेवत नसे. ते ती बघायची."

अरुंधतीबाईंचं यकृत थकलं होतं, सांधे सुजले होते. त्यामुळे पुढच्याच वर्षी मुंबईला नेऊन आतडं पुन्हा जोडावं लागलं. जीव वाचला. हळूहळू वजन परत आलं, आणि सोजरबाईंनी ते जड वजन पुन्हा शोधून काढलं. पाळी लांबली, मग थांबलीच. बाहेरच्या बाकावर त्याच बायका होत्या. "अगंबाई, परत वाढलात की हो!" त्या म्हणायच्या. मुलीचं नाव कोणी काढत नव्हतं. नाव ठेवलंच नव्हतं, काढणार तरी काय?

मधुसूदनरावांनी एकदा दत्तक घेण्याचा विषय काढला. अरुंधतीबाई पिशवी उचलून घरी निघाल्या. त्यांनी तो पुन्हा काढला नाही.

ऐंशी साल उलटल्यावर त्या शेवटच्या आल्या. रक्तदाब तपासायचा होता. नवी नर्स म्हणाली, "बाई, चपला काढा, वजन घेते." अरुंधतीबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या अगदी शांतपणे डॉक्टरांना म्हणाल्या, "मी यावर नाही चढणार. हा वर गेला तेव्हाही लोकांनी मलाच बोल लावला, आणि खाली आला तेव्हा माझी मुलगी गेली. आता याला विचारायचं काही राहिलं नाही."

डॉक्टरांनी नर्सला खुणेनं थांबवलं. अरुंधतीबाईंनी चपला पायात सरकवल्या आणि दार लोटून बाहेर गेल्या. पुढे नवा काटा आला आणि मला जिन्याखाली ढकललं गेलं. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला वजनाखेरीज काही कळत नाही, तशी माझी घडणच आहे. तुम्हाला मात्र डोळे आहेत, तोंड आहे. ओळखीचं कोणी खूप बारीक झालेलं दिसलं, किंवा खूप जाड, तर लगेच कौतुक करू नका आणि नावंही ठेवू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुला बरं वाटतंय ना?" अरुंधतीबाईंना हे वेळेवर कोणी विचारलं असतं, तर त्यांची मुलगी वाचली असती की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा नसती. पण कोणी विचारायला हवं होतं.