अरुंद फटीतला सुस्कारा

गुहेच्या तोंडाशी बसून टेलिफोन सांभाळणं हे सुटकापथकातलं माझं काम. वायर कपारींतून खोल जाते, आणि आत जायबंदी झालेल्याची खबर तिच्यावरून वर येते. आजवर अडकलेली माणसं परकी असायची. या खेपेला आमचे हे होते. इतरांना काढण्यात हयात घालवली आणि शेवटी स्वतःच घसरून मांडीचं हाड मोडून बसले.

त्यांच्याजवळ डॉक्टरीण होती. तरुण, सडपातळ, कुठल्याही फटीतून सहज निसटणारी. पथकाचा नियम असा की जखमीचा हात ज्याने धरला, त्याने तो बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही. हात बदलला की माणूस घाबरतो. नियम चांगला आहे. नवीन येणाऱ्यांना मीच समजावून सांगते.

फोनवर ह्यांचं हसू ऐकू येत होतं. घरी हा माणूस पेपराआडून नुसतं ‘हं’ म्हणतो.

"एवढं काय हसायला झालंय?" मी विचारलं.

"विनोद सांगतेय, ताई. झोपू द्यायचं नाहीये त्यांना."

"सांगा, सांगा. मला इतक्या वर्षांत सापडला नाही तो."

मग पथकातली माणसं ओढत आणत होती ते स्ट्रेचर फटीत अडकलं. दुसरी वाट नव्हती, आणि गारठा ह्यांच्या हाडांत शिरत चालला होता. पुरता श्वास सोडला तरच छाती बोटभर पुढे सरकणार; हे मात्र भीतीने श्वास कोंडून बसलेले. विनोदाने उलटंच व्हायचं, हसले की छाती फुगायची.

"ताई, श्वास सोडतच नाहीयेत. काय करू?" डॉक्टरणीने विचारलं.

काय करायचं ते मला माहीत होतं. हसू तिच्या वाट्याला आणि हे असलं काम माझ्या, एवढंच जिवाला लागलं.

"रिसीव्हर त्यांच्या कानाला लावा," मी म्हटलं. "अहो, ऐकताय ना? न्हाणीघराचा नळ अजून गळतोय."

वायरीतून तो आला. लांबलचक, छाती रिकामी करणारा, माझ्या रोजच्या ओळखीचा सुस्कारा.

"ओढा," डॉक्टरीण म्हणाली.

"ओला टॉवेल परत पलंगावर टाकून गेलात."

सुस्कारा. "ओढा."

"आणि नवी छत्री कुठे विसरलात?"

माझ्याकडे माल भरपूर होता. फट आधी संपली.

बाहेर आणलं तेव्हा तिचा हात ह्यांच्या मुठीत तसाच होता. मी गारठून आखडलेलं एकेक बोट सोडवलं आणि माझा हात आत सरकवला.

ह्यांनी डोळे उघडले. "नळ करतो गं."

"आधी पाय. आणि तो विनोद काय होता?"

ह्यांनी सुस्कारा सोडला. विनोद काही सांगितला नाही.